फक्त रिपोर्ट दाखवायचाय

कुठल्याही मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तासभर बसा. नंबर लावणाऱ्या मुलीसमोर कुणीतरी हातातली पिशवी सावरत म्हणतंच, ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय हो.’ माझी मावशी हे वाक्य दर तीन महिन्यांनी म्हणते. ती राहते गगनबावड्याजवळच्या एका वाडीत, आणि तिचे साखरेचे डॉक्टर कोल्हापुरात. अंतर सुमारे ५५ किलोमीटर. रक्त गावाजवळच तपासून होतं, रिपोर्ट संध्याकाळी मुलाच्या मोबाइलवर येतो. दुसऱ्या दिवशी त्याची प्रिंट काढून दोघं सकाळची एसटी पकडतात. डॉक्टर कागद पाहतात, दोन प्रश्न विचारतात, गोळ्या बहुतेक वेळा त्याच ठेवतात. पाच मिनिटांचं काम. त्यात मावशीचा दिवस जातो आणि मुलाची हजेरी बुडते.

ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याचा स्टार्टअप काढू पाहणारी तरुण मुलं भेटतात, तेव्हा मी त्यांच्या आराखड्यात मावशीला शोधतो. ती सहसा सापडत नाही. तिथे असतो अनोळखी, पहिल्यांदाच आलेला रुग्ण. ताप आला, ॲप उघडलं, दोन मिनिटांत डॉक्टर समोर. या मुलांची धडपड मला मनापासून आवडते, म्हणूनच सांगतो: सुरुवात पहिल्या भेटीपासून करू नका, दुसऱ्या भेटीपासून करा. गरज तिथे आहे, आणि नियमांनी मोकळीकही तिथेच दिली आहे.

टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आली. तोवर महाराष्ट्रातले अनेक डॉक्टर फोनवर औषध सांगायला धास्तावलेले होते. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रसूतीनंतरच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं दोन डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. निदान न करता औषध देणं हा गुन्ह्याच्या पातळीवरचा निष्काळजीपणा आहे, असं न्यायालयानं तेव्हा म्हटलं होतं. २०२० च्या नियमांनी डॉक्टरांच्या पायाखाली जमीन दिली, आणि तिला कुंपणही घातलं.

हे कुंपण औषधांच्या याद्यांचं आहे. ओआरएस, पॅरासिटामॉल फोनवरही सांगता येतं. नायट्याचं मलम किंवा डोळ्यांत घालायचे थेंब पहिल्याच भेटीत लिहायचे तर व्हिडिओवर रुग्ण दिसायला हवा. अमली पदार्थ कायद्याखालची औषधं वर्ज्य यादीत गेली. मात्र डॉक्टर तेच, आजार तोच आणि प्रत्यक्ष तपासून सहा महिने उलटलेले नाहीत, अशी स्थिती असेल तर दार बरंच उघडतं. मेटफॉर्मिनसारखी चालू गोळी पुन्हा लिहून देता येते, तिच्या जोडीला दुसरी वाढवताही येते. मावशीची ती पाच मिनिटं या तरतुदीत नेमकी बसतात. नवं लक्षण दिसलं, तर मात्र ती भेट पुढची न राहता पहिली ठरते.

ॲप चालवणाऱ्यांवरही जबाबदाऱ्या आहेत. डॉक्टर नोंदणीकृत आहे याची खात्री त्यांनीच करायची, त्याचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक रुग्णाला दिसेल असं ठेवायचं. कृत्रिम बुद्धिमत्तेनं रुग्णाला सल्ला देणं किंवा औषध लिहिणं या नियमांना मान्य नाही. ती डॉक्टरच्या हाताशी राहू शकते, त्याच्या खुर्चीत बसू शकत नाही.

दुसऱ्या भेटीपासून सुरुवात करायची म्हणजे आधी डॉक्टरकडे जायचं, त्याच्या दवाखान्याची नोंदवही नीट लावून द्यायची. प्रॅक्टो आज डॉक्टर शोधण्यासाठी ओळखलं जातं. पण सुरतकलच्या एनआयटीतल्या दोन विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं, तेव्हा त्यांचा भर दवाखान्यांसाठीच्या सॉफ्टवेअरवर होता: भेटीच्या वेळा, रुग्णांच्या नोंदी, आठवण करून देणारे एसएमएस. सध्या हे काम आपल्याकडे व्हॉट्सॲपवर चालतं. लग्नाच्या फोटोंमध्ये कुणाच्या तरी किडनीचा रिपोर्ट पडलेला असतो. मागच्या वेळी साखर किती होती, हे शोधायला डॉक्टर बोटानं वर सरकत राहतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड सोडून द्या. ‘आमच्या सुनेचा रिपोर्ट गावात कसा कळला?’ असा प्रश्न एका घरानं जरी विचारला, तरी त्या तालुक्यात तुमचं ॲप पुन्हा कुणी उघडणार नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. प्रोग्रॅमिंग करणारे हुशार लोक मिळतात. अडतं ते रुग्णाच्या शब्दांपाशी. ‘चक्कर येते’ एवढंच घ्या. खोली गोल फिरतेय असं गरगरत असेल, तर डॉक्टर कानाच्या आतल्या भागाचा विचार करतात. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब उतरत असावा. चालताना झोक जात असेल, तर शंका नसांवर किंवा मेंदूवर. आणि साखरेच्या गोळ्या घेणारी बाई जेवायला उशीर झाल्यावर घाम फुटून थरथरत असेल, तर तिला आधी साखर द्यायला हवी, बोलणं नंतर. मराठीत या चारींना चार वेगळे शब्द आहेत आणि बायाबापड्या ते अचूक वापरतात. इंग्रजी फॉर्मचं भाषांतर करून ठेवलं की चारही तक्रारी एकाच चौकोनात जातात. कणकण म्हणजे ताप नव्हे, जळजळ आणि आग एक नव्हे. ॲपचा पहिला कागद लिहिण्यापूर्वी महिनाभर एखाद्या ओपीडीत बसून हे शब्द वहीत टिपले पाहिजेत. माझ्या मते ते काम भांडवल उभारण्याच्याही आधीचं.

मावशी मध्यंतरी म्हणाली, ‘चालताना तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतंय.’ हे वाक्य ऐकलं की जाणता डॉक्टर व्हिडिओ थांबवून सांगतो, ‘दवाखान्यात या.’ साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, आणि ते पायाला हात लावूनच तपासावं लागतं. तिला बोलावून घेणं हा त्या पाच मिनिटांतला सगळ्यात मोलाचा सल्ला. पण कंपनीचं उत्पन्न प्रत्येक पूर्ण झालेल्या सल्ल्यावर अवलंबून असेल, तर तिच्या हिशेबात हा कॉल वाया गेलेला ठरतो. म्हणून पैसा कुठून येतो हे आधी ठरवावं. डॉक्टरकडून महिन्याला ठरावीक शुल्क घ्यावं. रुग्णाची फी डॉक्टरकडे जावी, आणि ‘प्रत्यक्ष या’ असं सांगितलं तर ती पुढच्या भेटीत वळती व्हावी. लॅब आणि औषध दुकानांकडून टक्का घेण्याच्या वाटेला जाऊ नये. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांच्या आचारसंहितेला मंजूर नाही. ‘कट’ या शब्दानं महाराष्ट्रातल्या रुग्णांचं पुष्कळ नुकसान केलंय, तो नव्या दारानं आत यायला नको.

भांडवल मोठं असलं म्हणजे धंदा तरतो, असंही नाही. लंडनची बॅबिलॉन ही कंपनी २०१३ मध्ये निघाली, २०२१ मध्ये ४ अब्ज डॉलरहून अधिक मूल्यावर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली आणि २०२३ मध्ये कोसळली. आपल्याकडे तर सरकारची ई-संजीवनी मोफत आहे. सीडॅकच्या मोहाली केंद्रानं ती उभारली, आणि २०२३ च्या सुरुवातीलाच तिच्यावरचे सल्ले १० कोटींवर गेले. तिची एक रचना प्रत्येक नव्या कंपनीनं पाहावी अशी आहे. रुग्ण उपकेंद्रात बसतो, समुदाय आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब मोजतात आणि दूरच्या डॉक्टरशी बोलणं करून देतात. रुग्णाच्या बाजूला एक शिकलेला हात असतो. खासगी ॲपला तो हात गावातल्या नर्सताईंच्या रूपानं उभा करता येईल, आणि त्याचे पैसे ताईंना मिळाले पाहिजेत.

मावशीला एकदा विचारलं, ‘डॉक्टरांनी तुला स्वतःचा नंबर दिलाय, मग रिपोर्ट व्हॉट्सॲपवर का पाठवत नाहीस?’ ती म्हणाली, ‘त्यांचा वेळ फुकटात कसा मागायचा? फी घेणार असतील तर लावीन की फोन.’