गुळवेल : दारात लावा, मापाने घ्या

कोरोनाच्या काळात घरोघरी काढे उकळू लागले, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कुणीतरी रानातून गुळवेलीचा भारा आणून वाटला. माझ्या अम्मीला मधुमेहाची गोळी सुरू आहे. ती रोज सकाळी पेलाभर काढा घेऊ लागली. पंधरा दिवसांनी फज्रच्या वेळी पाहतो तर ती घामाघूम, हातपाय थरथरत होते. साखर फार खाली गेली होती. डॉक्टरांनी विचारले, "गोळीशिवाय आणखी काय घेता?" काढ्याबद्दल आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. गोळी साखर उतरवते, तशी गुळवेलही उतरवू शकते.

दुसरी गोष्ट मग लक्षात आली. भाऱ्यातली वेल गुळवेलच होती का, हे आमच्या घरात कुणालाच सांगता आले नसते.

युनानी हकीम जिला गिलो म्हणतात, तीच ही वेल. नावात गूळ असला तरी चव कडूजहर. पान पानविड्याच्या पानासारखे हृदयाच्या आकाराचे. खोडावरची कागदासारखी पातळ साल नखाने निघते आणि खाली हिरवा रंग दिसतो. खोड आडवे कापले की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. फळे वाटाण्याएवढी, गोल, लाल. तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक वेल आहे. तिच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि दुधासारखा चीक येतो. ती घेऊ नये.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ते सारे गुळवेल घेत होते. रुग्णांनी घेतलेली वेल नक्की कोणती, याची खात्री केली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद काही असो, ओळख आणि माप या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

ओळख पक्की करायची तर वेल स्वतः लावावी. जाणकाराकडून खात्रीचे खोड घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर बोटाएवढ्या जाडीचे, दोन-तीन पेरांचे वीतभर तुकडे करा. खालचे टोक खालीच ठेवून एक पेर मातीत दाबा. काही आठवड्यांत कोंब येतात. शेजारी कडुनिंब असेल तर उत्तम. निंबावर चढलेली गुळवेल जुन्या जाणकारांना अधिक पसंत. अंगण नसेल तर मोठी कुंडी आणि गच्चीचा कठडाही चालतो. उन्हाळ्यात पाने गळली तरी वेल मेली असे समजू नका. काढताना जमिनीपासून हातभर खोड राखा, ते पुन्हा फुटते. रानातली वेल मुळासकट ओढली की पुढच्या वर्षी कुणालाच मिळत नाही.

काढ्यासाठी बोटभर तुकडा ठेचून दोन कप पाण्यात अर्धे होईपर्यंत उकळतात. खोड ठेचून रात्रभर भिजवले, पाणी गाळून स्थिर ठेवले की तळाशी पांढरा साका बसतो. तो वाळवला की सत-ए-गिलो. तापात आणि तापानंतरच्या अशक्तपणात ही औषधे देण्याचा रिवाज जुना आहे. मात्रा आणि दिवस मात्र हकीम किंवा वैद्यांनी ठरवावेत.

मधुमेहाची गोळी घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बहिणी, यकृताचे रुग्ण, संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नये. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर लगेच बंद करून दवाखाना गाठावा.

आमच्या दारातल्या निंबावर आज गुळवेल चढली आहे. शेजारणी तुकडा मागायला येतात. अम्मी देते, पण आधी विचारते, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"