टॉवरचं घड्याळ, ताऱ्याचं घड्याळ

बडोद्याच्या रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर 1896 सालचा. वैशाखात उत्तररात्री त्याच्या आसपासच्या एखाद्या गच्चीवर जा आणि दक्षिणेला, क्षितिजापासून चाळीसेक अंशांवर बघा. तिथे धनू राशीत, 26 हजार प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेचं केंद्र आहे. डोळ्यांना काही दिसणार नाही. मधे धूळच फार!

गॅमा किरण मात्र ही धूळ पार करतात. पुढे आपलं वातावरणच त्यांना अडवतं, म्हणून 2008मध्ये ‘फर्मी’ दुर्बीण थेट अवकाशात धाडली. तिला केंद्राभोवती हिशेबात न बसणारा गॅमा उजेड दिसला. काहींच्या मते तो न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा. काहींच्या मते सेकंदाला शेकडो गिरक्या घेणाऱ्या हजारो पल्सारांचा, म्हणजे ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांचा. दुरून जत्रेतले दिवे जसे एकच झगमगाट वाटतात, तसं. मला दुसरं पटतं, पण वाद मिटलेला नाही.

पल्सार सुटा ओळखायचा तर त्याची टिकटिक ऐकावी लागते. नारायणगावजवळच्या खोडदला, 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ तबकड्यांनी, फर्मीने दाखवलेल्या अनोळखी ठिपक्यांमधून असे पल्सार शोधलेही. केंद्राजवळ मात्र वायूच्या गर्दीत रेडिओ ठोके फिसकटतात.