कवळी बसवली, पण डब्यातच पडून आहे? टोचणे, हलणे, तुटणे यावर काय करायचं, जाणून घ्या

सगळे दात पडले. तालुक्याला चार-पाच फेऱ्या मारून, पैसे मोजून कवळी बनवून घेतली. आणि महिनाभरात ती डब्यात जाऊन पडली! असे आजी-आजोबा प्रत्येक गावात भेटतात. "टोचते", "हलते", "चावताच येत नाही" ही त्यांची तक्रार खरीच असते. पण यातल्या बहुतेक अडचणी डॉक्टरांकडच्या एक-दोन फेऱ्यांत कमी होऊ शकतात, हे अनेकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

कवळी डब्यात गेली की ताटातून भाकरी, उसळ, शेंगदाणे, काकडी, गाजर हळूहळू कमी होतं. चहा-बिस्कीट आणि पातळ भातावर दिवस निघतो. मग अशक्तपणा, पोट साफ न होणे सुरू होतं. मधुमेह असेल तर अशा खाण्याने साखर सांभाळणंही अवघड जातं. म्हणून हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही.

पहिले काही आठवडे असे काढा

नवी कवळी म्हणजे तोंडात आलेली परकी वस्तू. सुरुवातीला लाळ जास्त सुटते, तोंड भरल्यासारखं वाटतं, बोलताना अडखळायला होतं. काही आठवड्यांत सवय होते.

- सुरुवात मऊ भात, मुगाची खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी, उकडलेल्या भाज्या यांनी करा. घास लहान घ्या.
- एकाच बाजूने चावू नका. घास दोन्ही बाजूंना ठेवून चावला तर कवळी उचलली जात नाही.
- पेरू, कणीस, ऊस समोरच्या दातांनी तोडू नका. सुरीने बारीक फोडी करून दाढांनी खा.
- चहा आधी ओठांना लावून बघा. टाळू झाकलेला असल्याने गरमपणा पटकन कळत नाही आणि घसा भाजतो.
- बोलण्याची सवय होण्यासाठी रोज थोडा वेळ पेपर किंवा पोथी मोठ्याने वाचा.

टोचतंय? कानस लावू नका

नवी कवळी एखाद्या ठिकाणी हिरडीला टोचणं नेहमीचं आहे. बरेच जण घरीच कानस, सुरी किंवा पॉलिश पेपरने ती घासतात. यात चुकीची जागा घासली जाते आणि कवळी कायमची ढिली होते. डॉक्टर दाब पडणारी नेमकी जागा शोधून तेवढीच घासतात. त्यासाठी दवाखान्यात जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवावी, म्हणजे हिरडीवरची लाल खूण दिसते. तोवर दुखत असेल तर कवळी काढून ठेवा आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा.

खालचीच कवळी जास्त का हलते?

वरची कवळी पूर्ण टाळूवर चिकटून बसते. खालच्या कवळीला मात्र घोड्याच्या नालेएवढीच जागा मिळते, त्यात जीभ सारखी हलत असते. म्हणून खालची कवळी थोडी ढिली वाटणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं.

दुसरं कारण हाडाचं आहे. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं. पहिल्या वर्षात ही झीज जास्त असते आणि पुढेही हळूहळू चालूच राहते. कवळी तशीच राहते, पण खालची जमीन खचते! त्यामुळे आधी घट्ट बसणारी कवळी नंतर हलायला लागते. अशा वेळी आतल्या बाजूला नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट करता येते. याला रिलाइनिंग म्हणतात. साधारण ५ ते ७ वर्षांनी नवी कवळी लागू शकते. चिकटवायची पावडर किंवा पेस्ट थोडी मदत करते, पण फारच ढिली कवळी नुसत्या पावडरवर चालवू नये.

रात्री काढूनच झोपा

हिरड्यांना दिवसातून काही तास मोकळीक हवी असते. रात्रंदिवस कवळी ठेवली तर तिच्याखाली बुरशी वाढते, टाळूवर लाली येते, ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडतात. मधुमेह असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. जपानमध्ये ८५ वर्षे व त्याहून जास्त वयाच्या ५२४ ज्येष्ठांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपेत कवळी ठेवणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला.

काढलेली कवळी साध्या पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी ठेवली तर तिचा आकार बिघडू शकतो. उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका, ती वाकडी होते.

धुताना घ्या ही काळजी

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून चूळ भरा आणि ती धुवा. तीळ, पेरूच्या बिया आत अडकल्या तरी टोचतं. रोज एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासून स्वच्छ पाण्याने धुवा. राख, मिश्री, टूथपेस्ट वापरू नका, त्याने चरे पडतात आणि त्यात घाण बसते. खाली पाण्याने भरलेली परात ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. हिरड्या, टाळू आणि जीभही ओल्या मऊ कापडाने पुसून घ्या.

तुटली तर फेविक्विकसारख्या गोंदाने चिकटवू नका. सगळे तुकडे जपून घेऊन जा, बऱ्याचदा दुरुस्ती होते. एक-दोन दातांची छोटी कवळी ढिली झाली असेल तर लगेच दाखवा, ती घशात जाण्याची भीती असते. बाजारात रस्त्यावर बसून दात कायमचे चिकटवून देणाऱ्यांपासून लांब राहा. असे दात काढून धुता येत नाहीत, आत अन्न कुजतं आणि उरलेले चांगले दातही खराब होतात.

हे दिसलं तर थांबू नका

कवळी काढून ठेवली, घासून घेतली, तरी जखम २ आठवड्यांत भरत नसेल तर "कवळीचंच असेल" म्हणून सोडून देऊ नका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, रक्त येणं, तोंड कमी उघडणं ही कॅन्सरचीही लक्षणं असू शकतात. तंबाखू, गुटखा, मिश्रीची सवय असलेल्यांनी तर लगेच तपासणी करावी. दात नसले तरी वर्षातून एकदा तोंड दाखवायला हवं.

कुठे जायचं?

जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दंतविभागाची चौकशी करा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब कुटुंबातल्या ६० वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत मिळणाऱ्या साहित्यात कवळीचाही समावेश आहे. शिबिर कधी आहे, हे समाजकल्याण कार्यालयात विचारावं. आणि कवळी आधीच बनवलेली असेल तर ती पाण्यात घालून डब्यासकट डॉक्टरांकडे न्या. नवी करायची की जुनीच दुरुस्त होईल, हे ते बघून सांगतील.