चकाल्याच्या काचांमागचं गावठाण

अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून रोज ऑफिस गाठणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं, की चकाला, गुंदवली, मरोळ, सहार ही मुळात भातशेतीची गावं? काचेच्या इमारतींमागे गावठाणं अजून तग धरून आहेत. तिथले जुने रहिवासी म्हणजे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. आपण त्यांना खुशाल 'गोव्याचे' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात ही गावं ज्या साष्टी बेटावर आहेत, तिथलीच ही मराठी माणसं. पूर्वज इथले कोळी, आगरी, भंडारी, कुणबी. 1534 मध्ये वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. 1737 मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, 1774 मध्ये इंग्रजांनी. राज्यं बदलली तरी धर्म टिकला, आणि घरातली मराठीही.

मग 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नाव कुठून आलं? गोवा-मंगळुरूकडचे ख्रिस्ती मुंबईत नोकरीला येऊ लागले, तेव्हा त्यांच्यापासून वेगळं ओळखलं जावं म्हणून इथल्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, कंपनी सरकारची आठवण देणारं नाव घेतलं. साहेबाच्या दरबारी ते कामाला आलं असेल. मराठी शेजाऱ्यांच्या लेखी मात्र त्या नावाने त्यांना परकं केलं, असं मला वाटतं.

धर्माची जुनी खूणही इथेच आहे: मरोळजवळच्या कोंडिविट्याचं 1579 चं चर्च आज सीप्झ या निर्यात-उद्योग क्षेत्राच्या कुंपणात पडक्या अवस्थेत उभं आहे. तिथे मिस्सा होते ती वर्षातून एकदा, तीही परवानगी काढून.

आणि घरातली मराठी? भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातल्या 1905 च्या मराठी खंडात इथल्या ख्रिस्त्यांची 'किरिस्ताव' बोली कोळी, आगरी यांच्याच पंगतीला आहे. 'ण'चा 'न', 'ळ'चा 'ल' ही उत्तर कोकणची ओळखीची लकब इथेही. आता मुलं इंग्रजी शाळेत जातात. बोली उरली ती म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि लग्नघरात.

लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पानी' असतं. बायका लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जातात, घडा भरून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाला किंवा नवरीला न्हाऊ घालतात. गाणी बोलीतली. इंग्रजीत वाढलेल्या नातीही आजीच्या मागोमाग ती म्हणतात. अर्थ विचारला तर हसतात. तिकडे चुलीवर खिमाड उकळत असतं, मसाला घातलेली गरम दारू. शेजारच्या कढईत फुग्या. मैद्याचं सैलसर आंबवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीमधून पिळून तेलात सोडायचं. गोळा आपसूक उलटला पाहिजे. नाहीतर पीठ नीट आलेलं नाही, हे कढईजवळची म्हातारी बोलीतच सुनावते.