काळ्या रेघांचे नवे वळण



साबणाच्या वडीवर, बिस्किटांच्या पुड्यावर, चहाच्या पाकिटावर काळ्या उभ्या रेघांचा एक लहानसा ठसा असतो आणि त्याच्याखाली तेरा आकडे छापलेले असतात. आपण तो रोज पाहतो. परंतु तो वाचणे हे आपले काम नव्हे, यंत्राचे आहे, असे समजून पुढे जातो. या ठशाला बारकोड म्हणतात. गेली पन्नास वर्षे जगाचा किरकोळ व्यापार फार मोठ्या प्रमाणावर या रेघांच्या आधाराने चालत आला आहे. आता त्यांचे स्वरूप पालटू लागले आहे. हा पालट मोठमोठ्या कंपन्यांपुरता राहणार नाही. कमठाण्यासारख्या गावी तुरीची डाळ भरडून पाकिटे भरणाऱ्या लहान व्यावसायिकाच्या उंबरठ्यापर्यंत तो येणार आहे. हा पालट कोणता, आणि आपल्या सीमाभागातील उत्पादकाने त्याला कसे सामोरे जावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकन तरुणांनी १९४९ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ साली त्यांना ते मिळाले. तारायंत्राच्या मोर्स लिपीतील टिंब आणि रेघ खाली लांबवली तर जाड-बारीक पट्ट्या तयार होतात, एवढीच मूळ कल्पना. परंतु त्या पट्ट्या झटकन वाचणारे स्वस्त यंत्र त्या काळी नव्हते, म्हणून ती कल्पना वीस वर्षे पडून राहिली. १९७३ साली अमेरिकेतील किराणा व्यापाऱ्यांनी एक सामायिक पद्धत निश्चित केली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावच्या दुकानात च्युइंगमचे एक पाकीट यंत्रापुढून सरकले, आणि बारकोड वाचून झालेली ती पहिली विक्री ठरली. आपल्याकडे हे क्रमांक देणारी संस्था १९९६ साली स्थापन झाली. आज तिचे नाव जीएस वन इंडिया असे आहे.

आता या तेरा आकड्यांचा अर्थ पाहू. भारतीय संस्थेने दिलेल्या क्रमांकाची सुरुवात ८९० या आकड्यांनी होते. त्यापुढील काही आकडे उत्पादकाचे, काही विशिष्ट वस्तूचे, आणि शेवटचा आकडा पडताळ्याचा असतो. हा पडताळा मोठा गमतीचा आहे. समजा, पहिले बारा आकडे ८९०१२३४५६७८० असे आहेत. त्यांतील पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम स्थानांवरील आकड्यांची बेरीज २८ येते. दुसरा, चौथा, सहावा अशा सम स्थानांवरील आकड्यांची बेरीज २५ येते. तिची तिप्पट ७५. दोन्ही मिळून १०३. यापुढची दहाच्या पटीतील संख्या ११०. तिच्यासाठी ७ कमी पडतात. म्हणून तेरावा आकडा ७. यंत्राने वाचताना एखादा आकडा चुकविला तर हा हिशेब जुळत नाही, आणि यंत्र तो क्रमांक स्वीकारीत नाही. गावच्या वाण्याने बेरीज खालून वर एकदा आणि वरून खाली एकदा करून पाहावी, तसलाच हा प्रकार आहे.

या क्रमांकाविषयी दोन गैरसमज मात्र फार पसरलेले आहेत. पहिला असा की, रेघांत वस्तूची किंमत लिहिलेली असते. तसे नाही. रेघांत केवळ क्रमांक असतो. किंमत दुकानदाराच्या संगणकात असते, आणि क्रमांक मिळताच ती तेथून येते. दुसरा गैरसमज असा की, ८९० हे आकडे दिसले म्हणजे माल भारतात तयार झाला. तेही खरे नाही. तो क्रमांक भारतीय संस्थेने दिला, एवढेच त्यावरून ठरते. माल कोठे तयार झाला, हे पाहण्यासाठी वेष्टनावरील मजकूरच वाचावा लागतो.

या जुन्या पद्धतीची मर्यादा येथेच लक्षात येते. एका किलोच्या तूरडाळीच्या प्रत्येक पाकिटावर तोच क्रमांक असतो. मग ती डाळ चैत्रात भरडलेली असो की भाद्रपदात. एखाद्या खेपेला ओल लागली, कीड पडली किंवा भेसळीची शंका आली, तर यंत्राला ती खेप बाजूला काढता येत नाही. दुकानदार सर्वच पाकिटे परत पाठवितो. नुकसान शंभर पाकिटांचे व्हावयाचे, ते हजारांचे होते. आणि मोठा कारखानदार जे नुकसान पचवितो, तेच लहान माणसाला धंद्यातून उठविते.

यावर उपाय म्हणून चौकोनी ठसे पुढे आले. आपण ज्याला क्यूआर कोड म्हणतो तो १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीतील मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवणे हा त्याचा मूळ हेतू होता. रेघांचा ठसा एकाच दिशेने वाचला जातो. चौकोनी ठसा आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी माहिती साठवितो. एका मोठ्या क्यूआर कोडमध्ये सात हजारांहून अधिक आकडे मावू शकतात. आणि योग्य प्रकारे तयार केल्यास त्याचा सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. भाजी विकणाऱ्या मावशींच्या पाटीवरही आज पैसे घेण्यासाठी हाच ठसा दिसतो. तेव्हा त्याची ओळख आपल्याला नवी नाही. त्याचा मालावरील उपयोग नवा आहे.

जीएस वन या जागतिक संघटनेने असे उद्दिष्ट ठेवले आहे की, २०२७ सालच्या अखेरपर्यंत दुकानांतील गल्ल्यावरची यंत्रे जुन्या रेघांबरोबर हे चौकोनी ठसेही वाचू शकतील. त्या चौकोनात मालाचा तोच क्रमांक असेल. परंतु त्याच्या जोडीला खेपेचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि हवा असल्यास त्या एकट्या पाकिटाचा स्वतंत्र क्रमांकही असेल. मुदत टळलेले पाकीट गल्ल्यावर आले तर यंत्र विक्री थांबवू शकेल. आणि ग्राहकाने तोच ठसा आपल्या मोबाइलवर वाचला तर मालाची सविस्तर माहिती त्याच्यापुढे उघडेल. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुन्या रेघा एका दिवसात रद्द होणार नाहीत. काही काळ दोन्ही ठसे शेजारी शेजारी नांदतील.

हा केवळ परदेशातील थाट आहे असे कोणी समजू नये. आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती केली, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनावर बारकोड अथवा क्यूआर कोड सक्तीचा केला. त्यात औषधाचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, खेपेचा क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख आणि परवान्याचा क्रमांक असावा लागतो. बनावट औषधाने जिवाशी खेळ होतो, म्हणून आरंभ तेथून झाला.

शेतमालातील उदाहरण तर महाराष्ट्रातलेच आहे. २००३ साली भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश नेदरलँड्समध्ये आढळले आणि निर्यातीपुढे मोठे संकट उभे राहिले. त्यानंतर अपेडा या सरकारी संस्थेने २००६ साली ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांतील निर्यातक्षम बागांची नोंद झाली. प्रत्येक बागेला क्रमांक मिळाला. प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस आणि पेटी यांची सांगड त्या क्रमांकाशी घालण्यात आली. युरोपातील एखादी पेटी सदोष निघाली तर तिचा माग मूळ बागेपर्यंत काढता येतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या द्रव्याच्या अंशामुळे द्राक्षे पुन्हा अडली. म्हणजे क्रमांकाने दोष नाहीसा होतो असे नव्हे. परंतु दोष कोठून आला ते कळते, आणि निर्दोष माणसाला आपले निर्दोषत्व दाखविता येते.

तिसरे उदाहरण महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचे आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेले भौगोलिक निर्देशन दोन्ही राज्यांतील चर्मोद्योग महामंडळांच्या नावे संयुक्त आहे. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हे येतात. २०२५ साली इटलीतील प्राडा या कंपनीने तशाच घाटाच्या चपला मांडल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही, म्हणून मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या महामंडळाने चपलेच्या जोडासाठी क्यूआर कोडची योजना पुढे आणली. तो वाचला की कारागीर कोण, जिल्हा कोणता, कातडे व पद्धत कोणती, हे ग्राहकाला समजावे, असा तिचा उद्देश आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले. बिदरी कामाला ते त्यापूर्वीच, २००६ साली मिळाले होते. आणि बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. म्हणजे नाव आहे, मान्यता आहे. परंतु तूर कट्ट्यांत भरून आडतीवर जाते, तेथून दूरच्या गिरणीत जाते, आणि तिची डाळ परक्या नावाच्या पाकिटात बसून आपल्याच गावच्या दुकानात परत येते. पिकविणाऱ्याचे नाव वाटेतच गळून पडते, आणि नावाबरोबर नावाचा मोबदलाही गळून पडतो. नवा ठसा हे गळालेले नाव पुन्हा मालाला चिकटविण्याचे साधन होऊ शकतो. येथे खरा प्रश्न यंत्राचा नसून मालकीचा आहे.

शिवाय आपला प्रांत बहुभाषिक आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि नंतर त्या राज्याच्या छायेत राहिलेल्या बिदरमध्ये कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा बाजारात ऐकू येतात. लहान पाकिटावर चार लिप्या मावत नाहीत. चौकोनी ठशातून उघडणाऱ्या पानावर मात्र त्या सर्व मावतात. दृष्टिहीन ग्राहकाला मोबाइल ती माहिती वाचून दाखवू शकतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली याच हेतूने क्यूआर कोड वापरण्याचा सल्ला दिलेला आहे. आणि क्रमांक लावून नोंद ठेवण्याची रीत आपल्या शेतकऱ्याला अगदीच अपरिचित नाही. त्याच्या गोठ्यातील गाईच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो. लसीकरणाची आणि रेतनाची नोंद त्याच क्रमांकावर होते. गाईला जे लागू पडले ते डाळीलाही लागू पडेल.

मग लहान उत्पादकाने करावे काय?

पहिली गोष्ट, क्रमांक रीतसर संस्थेकडून आपल्या नावावर घ्यावा. बाजारात कोणी दुय्यम विक्रेता थोड्या पैशांत क्रमांक देऊ करतो. परंतु तो क्रमांक मुळात दुसऱ्या कोणाच्या नावावर असू शकतो, आणि मोठे खरेदीदार तो नाकारतात. एकट्या बचत गटाला खर्च जड जात असेल तर अनेक गटांनी संघ किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने तो घ्यावा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वजनाच्या आणि प्रत्येक प्रकारच्या पाकिटाला वेगळा क्रमांक द्यावा. अर्ध्या किलोचे आणि एक किलोचे पाकीट एकाच क्रमांकावर विकले तर साठ्याचा हिशेब कधीच जुळणार नाही.

तिसरी गोष्ट छपाईची. रेघा गडद आणि पार्श्वभूमी फिकट असावी. लाल रेघा मात्र टाळाव्यात. कारण गल्ल्यावरच्या पुष्कळ यंत्रांचा प्रकाश लाल असतो आणि त्यात त्या दिसेनाशा होतात. ठशाच्या दोन्ही बाजूंस कोरी जागा सोडावी. रेघांच्या ठशाचा प्रमाणित आकार सुमारे ३७ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर उंच असतो. तो ऐंशी टक्क्यांहून लहान करू नये. पाकिटाच्या शिवणीवर किंवा घडीवर ठसा घेऊ नये. केवळ उष्णतेने उमटणारी चिठ्ठी आपल्याकडच्या उन्हात काळवंडते अथवा फिकी पडते, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि बिनखर्चाची आहे. एक वही घालावी. कोणत्या शेतकऱ्याची तूर कोणत्या दिवशी आली, कधी भरडली, कोणत्या खेपेत गेली, कोणाला विकली, हे त्यात रोजच्या रोज लिहावे. ही नोंद नसेल तर चौकोनी ठशात भरावयास काही उरतच नाही. नोंद असेल तर ती संगणकावर चढविणे हे दोन दिवसांचे काम आहे.

पाचवी गोष्ट, ठसा म्हणजे कायद्याला पर्याय नव्हे. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे पॅकरचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हा मजकूर वाचता येईल असा छापावाच लागतो. त्याचप्रमाणे भौगोलिक निर्देशनाचे नाव पाकिटावर घालावयाचे असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

शेवटी एक सावधगिरीचा शब्द. ठशाची नक्कल करणे कठीण नाही. खऱ्या पाकिटावरील चौकोन छापून कोणीही खोट्या पाकिटावर चिकटवू शकतो. प्रत्येक पाकिटाला स्वतंत्र क्रमांक दिला तर एकच क्रमांक अनेक ठिकाणी वाचला गेल्याचे उघडकीस येते आणि लबाडीचा संशय तरी घेता येतो. परंतु पाकिटात भरलेली डाळ चोख आहे की नाही, हे कोणताही ठसा ठरवू शकत नाही. ते भरणाऱ्याच्या हातात असते. ठसा केवळ एवढेच सांगतो की, हा माल अमुक माणसाचा आहे. ज्याचा माल चोख आहे त्याला आपले नाव उघडपणे मालावर यावे असेच वाटेल, आणि त्याच्या दृष्टीने हे नवे वळण लाभाचेच आहे. म्हणून सक्ती होण्याची वाट न पाहता आपल्या भागातील गिरणीवाल्यांनी, बचत गटांनी आणि कारागिरांनी येत्या सुगीपासूनच नोंदवही घालावी, एवढी सूचना करून मी आपली रजा घेतो.