काकडीहून दिल्ली किती लांब?

राहुरीच्या माणसाला विमानानं दिल्ली गाठायची, तर पहिला टप्पा नगर-मनमाड रस्त्याचा. राहुरी फॅक्टरी, कोल्हार, बाभळेश्वर करत काकडीच्या शिर्डी विमानतळावर पोचायला दीड तास सहज जातो. तोही रस्त्याची मर्जी असेल तर. पाखराच्या वाटेनं हेच अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. तरी बरं, १ ऑक्टोबर २०१७ ला हा विमानतळ सुरू झाला.

पुढचं अंतर शाळेच्या नकाशावरूनही काढता येतं. काकडी १९.७ उत्तर अक्षांशावर, दिल्लीचा विमानतळ २८.६ वर. फरक ८.९ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडे ९८८ किलोमीटर. रेखांशात फरक २.७ अंशांचा, पण इथं जरा जपून. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. राहुरीपाशी रेखांशाचा अंश १०५ किलोमीटरचा, दिल्लीपाशी ९८ चा. मधला आकडा धरला की पूर्वेकडे २७४ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस आठवा. कर्ण येतो हजारावर वीस-पंचवीस किलोमीटर. वैमानिक मात्र सागरी मैलात बोलतात. अक्षांशाच्या अंशाचा साठावा भाग, म्हणजे १,८५२ मीटर, हा त्यांचा मैल.

जेट विमान ताशी ८०० किलोमीटरनं जातं असं धरलं, तर सव्वा तास पुरायला हवा. तिकिटावर मात्र दोन तासांच्या आसपास वेळ असते. उरलेली पाऊण घटका नव्हे, चांगला पाऊण तास जातो कुठं? धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात, दहा-अकरा किलोमीटर उंची गाठण्यात, आणि उतरण्यात. दिल्ली अजून २०० किलोमीटर दूर असतानाच विमान खाली येऊ लागतं. वर गर्दी असली तर घिरट्या वेगळ्याच. पूर्ण वेगाचा प्रवास तासाभराहूनही कमीच.

म्हणून जवळच्या गावाला पंख्याचं एटीआर विमानही चालून जातं. काकडी ते हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर. एटीआरचा वेग जेटच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी, तरी एवढ्या अंतरात जेट फार तर वीस-पंचवीस मिनिटंच वाचवतं.

गणित बिघडवणारं आणखी एक म्हणजे हवा. २०१९ च्या नोव्हेंबरात दृश्यमानता घटल्यानं काकडीची उड्डाणं बरेच दिवस थांबली होती. तिथं ना अक्षांश कामाला येतो, ना पायथागोरस.

लांबच्या प्रवासात तर पायथागोरस सोडूनच द्यावा लागतो. मुंबई ते न्यूयॉर्क नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान आणि सहारावरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणा: तो रशियाकडे चढतो, पार आइसलँडच्या अक्षांशापर्यंत जातो आणि मग खाली वळतो. हीच सर्वांत जवळची वाट, साधारण १२,५०० किलोमीटर. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे झोतवारे वाहतात. त्यामुळे अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोराला जाताना जो वेळ लागतो, त्यापेक्षा घरी येताना सहसा कमी लागतो. अर्थात मुंबईपर्यंत. तिथून राहुरी पुन्हा रस्त्यानंच.