फाइल स्थानांतरण, संगणक व भ्रमणध्वनी यांमधील

संगणकात साठविलेली मजकुराची, चित्राची, ध्वनीची वा चलच्चित्राची फाइल भ्रमणध्वनीसारख्या हाती बाळगण्याच्या साधनाकडे, अथवा त्या साधनातील फाइल संगणकाकडे पाठविण्याच्या क्रियेस फाइल स्थानांतरण म्हणतात. ही संज्ञा रूढ असली, तरी फाइल एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेली जात नाही. मूळ फाइलीतील बिटांची, म्हणजे ० व १ या द्विमान अंकांची, मालिका दुसऱ्या साधनात जशीच्या तशी नव्याने लिहिली जाते. फाइल ‘हलविण्याची’ आज्ञा दिली, तरीही आधी प्रत तयार होते व नंतर मूळ फाइल पुसली जाते. त्यामुळे प्रत पूर्ण होण्यापूर्वी जोडणी तुटल्यास काय उरते, हा या विषयातील महत्त्वाचा व्यावहारिक प्रश्न होय.

माध्यमे : १९९६ साली अमेरिकेत विक्रीस आलेला ‘पायलट’ हा तळहातावर मावणारा संगणक एका बैठकीत ठेवून बटण दाबले, की त्यातील पत्ते व टिपणे मेजावरील संगणकाशी जुळविली जात. ही जोडणी आरएस-२३२ या मानकानुसार असून तीत बिट एकामागून एक जात. अवरक्त किरणांच्या साहाय्याने तारेवाचून स्थानांतरण शक्य झाले; मात्र त्यासाठी दोन्ही साधने सुमारे १ मी. अंतरात समोरासमोर ठेवावी लागत. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये आरंभ झालेल्या ब्लूटूथ पद्धतीत २.४ गिगॅहर्ट्झच्या आसपासचे रेडिओ तरंग वापरतात व व्यत्यय टाळण्यासाठी कंप्रता सेकंदास १,६०० वेळा बदलण्याची योजना असते. आजची अनेक साधने ब्लूटूथने परस्परांचा शोध घेऊन प्रत्यक्ष फाइल वाय-फायने पाठवितात. तारेच्या जोडणीत १९९६ चे यूएसबी हे मानक सर्वत्र रूढ झाले. त्याच्या निर्मितीत इंटेल कंपनीतील अभियंते व बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता.

वेग : १ गिगॅबाइटची, म्हणजे १०० कोटी बाइटांची, फाइल आरएस-२३२ जोडणीतून सेकंदास १,१५,२०० बिट या वेगाने पाठविण्यास सुमारे एक अहोरात्र लागेल. मूळ ब्लूटूथच्या सेकंदास १० लाख बिट या वेगाने सव्वादोन तास, यूएसबीच्या पहिल्या आवृत्तीतील १ कोटी २० लाख बिटांच्या वेगाने ११ मिनिटे, तर २००० सालच्या २.० आवृत्तीतील ४८ कोटी बिटांच्या वेगाने सुमारे १७ सेकंद पुरतील. या सैद्धांतिक मर्यादा होत. नियंत्रणाचे संदेश व साठवणीवर लिहिण्याचा वेग यांमुळे प्रत्यक्षात अधिक वेळ जातो. जोडणीच्या टोकाच्या आकारावरून वेग ओळखता येत नाही. उदा., २०२३ च्या आयफोन १५ मध्ये टाइप-सी हे नवे टोक असले, तरी वेग २.० आवृत्तीचाच आहे.

साठवणीवरील ताबा : पूर्वी अनेक भ्रमणध्वनी जोडल्यावर संगणकास साध्या तबकडीप्रमाणे दिसत व संगणक त्यांच्या साठवणीवर थेट लिहीत असे. फाइलींच्या जागांची नोंदसूची एकाच वेळी दोन यंत्रांनी बदलल्यास ती बिघडते. म्हणून तेवढा काळ भ्रमणध्वनीस आपल्याच साठवणीवरील ताबा सोडावा लागे. लेखन चालू असता तार ओढल्यास नोंदसूची अर्धवट राही आणि स्थानांतरणाशी संबंध नसलेल्या फाइलीही कधीकधी वाचता येत नसत. मायक्रोसॉफ्टने कॅमेऱ्यांसाठीच्या पद्धतीवरून विकसित केलेल्या एमटीपी या नियमावलीत संगणक केवळ मागणी करतो व लेखन भ्रमणध्वनी स्वतः करतो. अँड्रॉइड प्रणालीने २०११ पासून ही पद्धत स्वीकारली. हीत साठवण सुरक्षित राहत असली, तरी मध्येच तुटलेली फाइल अपुरीच राहते.

अचूकता : यूएसबीमध्ये माहितीच्या प्रत्येक पुडक्यासोबत १६ बिटांचा तपासणी अंक जातो, तो न जुळल्यास फाइल पाठविताना ते पुडके पुन्हा पाठविले जाते. संपूर्ण फाइलीच्या खात्रीसाठी दोन्ही प्रतींवरून एसएचए-२५६ यासारख्या रीतीने काढलेली मूल्ये पडताळून पाहतात.

मराठी मजकूर : प्रत अचूक असूनही मजकूर वाचता येत नाही, असे मराठीत पुष्कळदा घडते. १९९१ च्या युनिकोड मानकात देवनागरीस स्वतंत्र संकेतांक मिळाले. तथापि त्यानंतरही छपाईसाठीचा बराच मजकूर रोमन अक्षरांचे संकेतांक वापरणाऱ्या टंकांत जुळविला गेला. तो टंक भ्रमणध्वनीत नसल्याने तेथे निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. अशा वेळी स्थानांतरण पुन्हा करून उपयोग नसतो. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, अथवा टंक अंतर्भूत असलेली पीडीएफ फाइल पाठवावी.

समकालन : दोन्ही साधनांतील फाइली सतत सारख्या ठेवण्याच्या क्रियेस समकालन म्हणतात. त्यात एका बाजूस पुसलेली फाइल दुसऱ्या बाजूसही पुसली जाऊ शकते. म्हणून समकालन म्हणजे राखीव प्रत नव्हे. छायाचित्रे, दस्तऐवज इ. पुन्हा न मिळणाऱ्या फाइलींच्या बाबतीत नवी प्रत उघडून व तपासून पाहिल्यावाचून मूळ फाइल पुसू नये.